ढेकराचा डबा

“मग आता तरी माझं मन निवळलं म्हणायचं की नाही, बाबा?”

सारंगधरबाबांनी मान वर केली नाही.

ते विहिरीच्या काठावर उकिडवे बसून पाणी गाळत होते. घागरीच्या तोंडावर दुपदरी फडकं, फडक्यावर पोहऱ्यातली बारीक धार. घागर भरली तसं त्यांनी फडकं चारी टोकांनी अलगद उचललं, पोहऱ्यातल्या पाण्यात उलटं करून खळबळलं आणि पोहरा दोरानं पुन्हा खाली सोडला. फडक्यात अडकलेला जीव ज्या पाण्यातला, त्याच पाण्यात परत गेला पाहिजे, असा त्या मठाचा नेम होता.

शलाका ओल्या दगडावर उभी राहून वाट पाहत होती.

“कशावरून?” बाबांनी विचारलं.

तिला हाच प्रश्न हवा होता. त्याचं उत्तर तिनं मनाशी घोळवून घोळवून गुळगुळीत केलं होतं.

तिनं सांगितलं की काल पंगतीत वाढणाऱ्या बाईंच्या हातून परात निसटली. पितळी परात, दगडी फरशीवर, आणि तीही शलाकाच्या पाठीमागे हातभर अंतरावर. सगळी पंगत दचकली, खुद्द बाबांचा घास हातातच थांबला. शलाकाची मात्र पापणी हलली नाही. त्याच्या आधी गावातलं कुत्रं अंगावर धावून आलं, तेव्हाही नाही. किती दिवस झाले, ती एकदाही दचकलेली नव्हती.

दुसऱ्या कुणासाठी ही गोष्ट एवढीशी. शलाकासाठी ती डोंगराएवढी होती.

ती खामगावची. यंत्रांचं शिक्षण घेतलेली, पदवीला वरच्या वर्गात आलेली. पण कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये कुणाच्या हातून पाना खाली पडला की सगळ्यांआधी किंचाळणारी. पोरं मग मुद्दाम पाने पाडत. घरी कुकरची शिट्टी झाली तरी हिचा हात छातीवर. नोकरीच्या पहिल्याच मुलाखतीला वाऱ्यानं दार आपटलं आणि समोरच्या साहेबांच्या टेबलावर ग्लास लवंडला, तो हिच्या हातानं. औषधं झाली, ताईत झाला. शेवटी आईच्या ओळखीनं ती डोंगरपायथ्याच्या या मठात चार दिवस राहायला आली, आणि दुसऱ्याच दिवशी तिनं बाबांकडे दीक्षा मागितली.

बाबा तेव्हा एवढंच बोलले होते. “मन निवळू दे.”

तेव्हापासून ती स्वतःच्या मनावर डोळा ठेवून होती, चुलीवरच्या दुधावर ठेवतात तसा.

तिच्या वडिलांनी, अण्णांनी, अख्खा हिवाळा वाट पाहिली. मग निरोप धाडला. बाबांनी पदरात घेतलं तर मी चकार शब्द काढणार नाही. नाही घेतलं तर मुकाट्यानं माझ्याबरोबर घरी यायचं. ना घरची ना मठाची, अशी अधांतरी लटकलेली लेक मला बघवत नाही. अक्षय्यतृतीयेच्या आदल्या दिवशी येतो, संध्याकाळच्या एसटीनं.

तो दिवस आज उजाडला होता.

“आणि दुसरं म्हणजे,” ती म्हणाली, “डबासुद्धा कोरडा आहे.”

बाबांनी आता कुठं तिच्याकडे पाहिलं.

या डब्याची हकिकत आधी सांगायला हवी.

मठाचा एक जुना ट्रक होता, पाठीवर पाण्याची टाकी बसवलेला. उन्हाळा लागला की तो रोज घाट चढून धारखोऱ्याच्या वाडीला पाणी नेई, कारण वाडीची विहीर होळीच्या सुमारासच तळ दाखवी. चालवायला तायडेमामा. ते कुणाचेच सख्खे मामा नव्हते, पण आख्खा मठ त्यांना मामा म्हणे.

ट्रक म्हातारा झाला होता. इंजिनात जो जाळ होतो, त्यातला थोडा वायू पिस्टनच्या कडेकडेनं खाली पोटात निसटतो. तो तिथं कोंडू नये म्हणून इंजिनाला एक श्वासनळी ठेवलेली असते. पण वायू एकटा येत नाही. येताना तेलाची वाफ घेऊन येतो. ट्रक घाट उतरून अंगणात उभा राहिला की त्या नळीच्या तोंडातून काळे थेंब टपकत राहत, आणि सकाळी पाहावं तर थेंबाथेंबात मुंग्या चिकटून मेलेल्या.

जिथं पाणी गाळल्याशिवाय ओठाला लावत नाहीत, तिथं अंगणात ही रोजची हत्या. वृद्ध साध्वी गोदाआई गवताची काडी घेऊन एकेक मुंगी सोडवत बसत. मामांना त्या कधी बोलल्या नाहीत, नुसत्या बघत. त्या बघण्याच्या धाकानं मामा ट्रक चोरासारखा मठाच्या मागच्या अंगाला लावू लागले होते. मुंग्या तिथंही होत्याच.

शलाका म्हणाली, हे माझ्यावर सोडा.

मठात आल्यापासून तिच्या तोंडून इतक्या ठाम आवाजात निघालेलं ते पहिलं वाक्य असावं. तिनं समजावून सांगितलं की श्वासनळीचं तोंड एका बंद डब्यात सोडायचं. वाफेतलं तेल डब्यात राहील आणि वायू डब्याच्या वरच्या भोकातून निघून जाईल. याला कॅच कॅन म्हणतात. हौशी लोक गाड्यांना मुद्दाम बसवून घेतात.

तिनं मठातलीच एक जुनी दुधाची किटली घेतली, घट्ट झाकणाची. तालुक्याच्या वेल्डरकडून किटलीला एक तोटी आत येण्याची, एक वर बाहेर जाण्याची आणि तळाला एक छोटा नळ बसवून आणला. आत भांडी घासायच्या तारेच्या घासण्या सैलसर भरल्या, म्हणजे वाफ तारेला अडखळेल आणि तिचे थेंब होतील. किटली इंजिनाच्या धगीपासून लांब, चॅसीला म्हणजे गाडीच्या सांगाड्याला पट्ट्यांनी आवळली. रबरी नळी सरळ उतरती ठेवली, मध्ये कुठं झोळ पडू दिला नाही. झोळात तेल साचलं की वाट अडते, हे तिनं मामांना पुन्हा पुन्हा बजावलं.

मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्या वस्तूचं नाव ठेवलं, ढेकराचा डबा.

“इंजिन जेवलं का ढेकर देते,” ते पंगतीत सांगत सुटले, “अन् आमच्या मॅडम तो ढेकर डब्यात भरून ठेवतेत. पुस्तकात असन बा तसं.”

पहिल्यांदा डबा रिकामा केला तेव्हा सगळा मठ गोळा झाला. शलाकानं खाली घमेलं धरलं आणि तळाचा नळ सोडला. आधी नुसतं पाणी आलं, मग ताकासारखा पांढुरका फेस, मग काळंकुट्ट तेल. गोदाआईंनी गालाला हात लावला. एवढं अंगणात सांडलं असतं.

बाबाही आले होते. त्यांनी वाकून वास घेतला.

“हे परत इंजिनात ओतायचं?”

“नाही बाबा. कधीच नाही. यात पाणी आहे, काजळी आहे. आत गेलं तर आतलं चांगलं तेलही नासेल.”

“विहिरीतलं विहिरीत जातं... इंजिनातलं इंजिनात जात नाही.”

“नाही.”

“मग हे आता कुणाचं?”

 ते तेल पुढं फाटकाच्या बिजागऱ्यांना आणि गावातल्या बैलगाड्यांच्या आसांना गेलं. पण प्रश्न कुठंच गेला नाही. तो तिच्यापाशीच राहिला. तिला वाटलं, बाबांनी आपली परीक्षा घेतली. मग वाटलं, नाही, त्यांना खरंच जाणून घ्यायचं असेल. मग वाटलं, दोन्ही नसेल.

अंगणातल्या मुंग्या सुखी झाल्या. शलाका अधूनमधून डबा रिकामा करी, तारेच्या घासण्या काढून डिझेलमध्ये धुई, पट्ट्या आवळी. लोक तिला पाहुणी म्हणेनासे झाले होते.

आणि एका संध्याकाळी घमेल्यात पतंग निघाला.

पंख तेलानं अंगाला चिकटलेले, एक पाय अजून हलत होता. वरच्या उघड्या भोकातून आत गेला असणार. गोदाआई काडी आणायला गेल्या.  मुंग्या वाचवायच्या म्हणून तिनं पतंगांसाठी खड्डा खणला होता, आणि बाबा दारात उभे राहून बघत होते.

तिनं तेव्हाच्या तेव्हा पाणी गाळायचं कोरं फडकं मागून आणलं. दुपदरी करून डब्याच्या वरच्या भोकावर सुतळीनं आवळून बांधलं. हवा जाईल, किडा जाणार नाही. घागरीवर चालतं ते इथंही चालेल. गोदाआईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि त्या हाताचं वजन तिला कितीतरी दिवस पाठीवर जाणवत राहिलं.

त्यानंतर डब्यात तेल कमी कमी येऊ लागलं. शेवटी येईनासंच झालं.

त्याच दिवसांत तिला स्वतःपुरतीही एक युक्ती सापडली होती. काही पडलं, आपटलं, मागून कुणी हाक मारली, की पोटाशी श्वास धरायचा आणि दातांवर दात. आत काय व्हायचं ते होऊ द्यायचं, बाहेर काही येऊ द्यायचं नाही. सुरुवातीला डोकं ठणके. मग त्याचीही सवय झाली.

“कोरडा म्हणजे?” बाबांनी विचारलं.

“ठणठणीत कोरडा. नळ सोडला तर एक थेंब नाही.”

“गाडी चालते?”

“रोज चालते.”

“मग जातं कुठं?”

शलाकानं भराभर सांगायला सुरुवात केली. उन्हाळ्यात गारवा नसल्यामुळं वाफेचं पाणी होत नाही. तेल नुकतंच बदललं आहे, नवं तेल दाट असतं. शिवाय कधीकधी जुन्या इंजिनातही पिस्टनच्या कड्या पुन्हा नीट बसतात... हे तिसरं कारण सांगताना तिला स्वतःलाच आपला आवाज जरा लांबून आल्यासारखा वाटला. पण बाबा मन लावून ऐकत होते. आता होकार येणार, असं तिनं धरून चाललं.

“मला इंजिनातलं काही कळत नाही,” बाबा म्हणाले. “म्हणून विचारलं.”

“आणि माझ्यातलं?”

बाबांनी घागर खांद्यावर घेतली.

“तुझ्यातलंही फारसं कळत नाही...”

आणि ते चालू लागले.

ती दगडावरच उभी राहिली. हा नकार होता का? नकार देताना माणूस असा प्रश्न विचारून जात नाही. मग होकार? होकार असता तर संध्याकाळची एसटी अशी छातीवर बसली नसती. तिनं बाबांची वाक्यं एकामागून एक लावून पाहिली, उलटी करून पाहिली. काही हाती लागेना. एवढंच कळत होतं की संध्याकाळपर्यंत नुसतं अंगणात बसणं तिच्यानं होणार नाही.

तायडेमामा टाकी भरून निघाले तेव्हा ती त्यांच्या शेजारी जाऊन बसली.

चढ लागला तसे मामा बोलायचे थांबले. गेले काही दिवस गाडी अंगात कणकण असल्यासारखी चढते, असं ते मागे म्हणाले होते. आजही तेलाचा करपट वास येत होता. शलाकाला तो आला; पण डबा कोरडा आहे, तेव्हा वास येण्याचं कारण नाही, असं तिनं ठरवलं आणि खिडकीची काच खाली केली.

वाडी दिसू लागते त्या आंब्याच्या वळणावर केबिनमधल्या इंजिनाच्या झाकणाखाली ‘फट्’ असा आवाज झाला.

शलाकानं सवयीनं श्वास धरला. दातांवर दात...

मग झाकणाच्या फटीतून धूर आला, पांढरा, दाट, डोळ्यांत मिरची घातल्यासारखा. मामांनी ब्रेक दाबला. पाण्यानं भरलेली टाकी मागं हिंदकळली आणि गाडी हातभर मागं सरकली, दरीकडे. आणि शलाका किंचाळली. इतके दिवस धरून ठेवलेलं सगळं एकदमच बाहेर आलं असावं, कारण ती थांबेचना. आंब्यावरची वानरं खालच्या झाडांवर उड्या टाकत पळाली.

हँडब्रेक ओढून, इंजिन बंद करून मामा खाली उतरले. त्यांनी चाकांमागं दगड लावले. मग झाकण उघडलं.

तेल मोजायची लोखंडी काडी आपल्या नळीतून उडून बाजूला पडली होती. त्या नळीतून तेलाचा फवारा उडाला होता आणि तापलेल्या सायलेन्सरवर जळत होता. आग लागली नव्हती. लागायला फार वेळ उरलाही नव्हता.

शलाका खाली उतरली. हात आपोआप डब्याकडे गेले.

वरच्या भोकावर फडकं नव्हतंच. तिथं डांबराचं झाकण होतं. तेलाची वाफ फडक्यात मुरली होती, त्यावर घाटातली धूळ बसली होती, पुन्हा वाफ, पुन्हा धूळ. तिनं नखांनी ते खरवडलं. सुतळी तुटेना. तिनं दातांनी तोडली. इंजिनानं श्वास टाकायचा कुठून? त्याला काडीची वाट सापडली, त्यानं ती घेतली.

“तुम्ही हे रोज बघत होता ना, मामा?”

“बघत होतो ना.”

“मग बोलला का नाहीत?”

मामा काडी पुसत होते. “मले वाटलं, मठाचा नेम आहे. नेमाले कोण हात लावते, बाई?”

 ती रस्त्यावर बसली आणि तिथंच रडू लागली.

मामांनी सीटखालचा तेलाचा डबा काढून इंजिनात ओतला, काडी जागेवर घातली, जळकं तेल फडक्यानं टिपून काढलं. धूर विरल्यावर किल्ली फिरवली. इंजिन दोनदा खोकलं आणि चालू झालं. डब्याच्या वरच्या भोकातून करडा फुत्कार थेट शलाकाच्या तोंडावर आला. मग डब्याच्या पोटात कुठंतरी आवाज झाला.

टप.

ती ऐकत राहिली. पुन्हा, टप.

मामा म्हणाले, भरल्या टाकीनिशी आता वर नको, अंग मोडलेली गाडी आहे. तोवर धूर बघून वाडीतल्या बाया हंडे घेऊन स्वतःच खाली येत होत्या. रोज त्यांच्या दारात जाणारं पाणी आज त्यांनी वळणावर भरून घेतलं आणि डोक्यावर घेऊन तो चढ चढायला लागल्या. ऊन डोक्यावर होतं. एक म्हातारी हंडा भरेपर्यंत शलाकाकडे बघत उभी होती. काळे हात, काळं तोंड, त्यावर आसवांचे पांढरे ओघळ.

“बाई,” म्हातारी म्हणाली, “आमाले टाकीतलं पायजे, डोळ्यातलं नाही.”

बाकीच्या हसल्या. रागानं नव्हत्या हसल्या. तेही तिला लागलं.

उतरताना ती प्रत्येक गोष्टीला दचकत होती. समोरून येणाऱ्या जीपच्या हॉर्नला, काचेवर आपटलेल्या वाळक्या पानाला, मामांच्या खोकल्याला. सगळं पहिल्यासारखं झालं होतं, पहिल्यापेक्षा वाईट. श्वास धरावा म्हणून तिनं एकदोनदा पाहिलं. धरताच आला नाही.

टाकी रिकामी होऊन मठात पोचेपर्यंत संध्याकाळ झाली होती. अण्णा ओट्यावर बसलेले होते. मांडीवर प्रवासाची पिशवी, पुढ्यात थंड झालेला चहा. शेजारी बाबा. लेकीला पाहून अण्णा अर्धवट उठले आणि तसेच राहिले. घाटात काय झालं, ते मामांनी गाडी लावता लावताच दोन वाक्यांत सांगून टाकलं, आणि ते गोदाआईंकडे भाकरी मागायला गेले.

शलाका ओट्यापाशी जाऊन उभी राहिली.

“वरचं भोक मीच बांधलं होतं, बाबा.”

“का?”

“किडे मरू नयेत म्हणून.”

“मेले?”

“...नाही. किडे नाही मेले.”

“चांगलं झालं,” बाबा म्हणाले.

ही थट्टा होती का? तिनं त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. थट्टेचं काही दिसेना. पतंग खरंच वाचले, याचंच त्यांना बरं वाटलेलं दिसत होतं. तिच्या डोक्यातला गुंता त्यानं आणखी वाढला.

“ओरडलीस म्हणे.”

“हो.”

“मोठ्यानं?”

“वानरं पळाली, बाबा.”

बाबांनी मान हलवली, एखाद्या जाणत्यानं नव्या बैलाचं वय ऐकून हलवावी तशी.

अण्णांनी घसा खाकरला. ते सज्जन गृहस्थ होते. पोरीची फजिती आणखी लांबू नये असं त्यांना वाटत होतं. त्यांनी बाबांना हात जोडून नमस्कार केला आणि म्हणाले, आम्ही सकाळच्या गाडीनं निघतो. एवढे दिवस तिला सांभाळलंत, उपकार आहेत. तिचं मन काही तुम्हाला हवं तसं निवळलेलं दिसत नाही.



“विचार तरी बेटा,” अण्णा हळूच लेकीला म्हणाले. “नंतर मनात नको राहायला.”

शलाकानं तोंड उघडलं. सकाळी गुळगुळीत करून ठेवलेलं सगळं कुठं गेलं होतं, कोण जाणे.

“काय विचारू, तेच कळत नाही,” ती म्हणाली. “सकाळी सगळं कळत होतं.”

आणि हात धुवायला ती अंगणातल्या दगडी डोणीकडे गेली. मागून गोदाआईंनी रिठ्यांची वाटी आणून ठेवली. तेलाचे हात पाण्यानं थोडेच निघतात.

तिनं रिठा उचलला, तेवढ्यात समोर सावली पडली.

बाबा उभे होते. हातात तांब्या, तांब्यावर गाळणीचं फडकं. तो तांब्या कशाला बाहेर निघतो, हे मठातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. दीक्षा घेणाऱ्याच्या ओंजळीत गाळलेलं पाणी ओतायचं, आणि ते पाणी ओंजळीत असतानाच नवं नाव उच्चारायचं. नाव पुरतं उच्चारून होईपर्यंत थेंबही खाली पडू द्यायचा नाही, असा तिथला रिवाज. हिवाळ्यात दोघींची दीक्षा शलाकानं जवळून पाहिली होती. घासून घासून लाल केलेले हात, धुवट पांढरी वस्त्रं, आणि ओंजळी अशा स्थिर की पाण्यात आढ्याची तुळई दिसत होती.

ओट्यावर अण्णा उभे राहिले. गोदाआईंचा हात तोंडावर गेला.

“ओंजळ कर.”

शलाकाला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

“बाबा... हात काळे आहेत.”

“दिसतात.”

तिनं रिठा खाली ठेवला. हात पुढं केले. दोन्ही तळवे जवळ आणले, पण ते एकमेकांपाशी ठरेनात. बोटांमधून अंगणातली फरशी दिसत होती.

“थरथरताहेत. पाणी राहायचं नाही... सांडेल, बाबा.”

बाबांनी तांब्या कलता केला.

“सांडू दे. खाली जमीनच आहे.”